देवडी : दाराआडची वास्तू

जुन्या वाड्यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण बहुतेक लेखक दरवाजापाशी रेंगाळतात आणि तिथून थेट चौकात उतरतात. चौकटीवरचा गणपती, कमळे, कड्या यांचे वर्णन पानभर. मधल्या देवडीच्या वाट्याला एकच वाक्य : ‘येथे पहारेकरी बसत.’ ही त्रुटी मला किरकोळ वाटत नाही.

इंग्लंडातल्या जमीनदारांच्या फाटकाशी ‘गेट लॉज’ असे. स्वतंत्र, टुमदार घर. रखवालदार त्यात बायकामुलांसह राही. पुष्कळदा मुख्य हवेलीचीच शैली त्यात लहान प्रमाणात उतरवलेली असे. म्हणजे हवेली दिसण्याआधी पाहुण्याला तिची चुणूक मिळे. आपली देवडी नेमकी उलट. बाहेरून तिचा पत्ताच लागत नाही. दरवाजाच्या आत दोन्ही हातांना ओटे, भिंतीत कोनाडे, वर छत, बस्स. पण तिचे काम दिंडीसकट पाहावे. मोठा दरवाजा बंद, दिंडी तेवढी उघडी. येणारा मान लववून, एक पाय उंबरठ्याआत टाकून शिरतो. त्या अवस्थेत कुणाला तलवार उपसता येत नाही. तो ताठ होतो, तेव्हा ओट्यावर बसलेल्या शिपायाची नजर त्याच्या तोंडावर असते. रायगडाच्या महादरवाजातल्या देवड्याही याच जातीच्या. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे खिळे मात्र सगळे मोजतात!

हैदराबादेत उमरावाच्या अख्ख्या हवेलीलाच देवडी म्हणत. आपल्याकडे शब्द पहाऱ्याच्या जागेपुरता राहिला. निफाड तालुक्याला हे दोन्ही अर्थ परके नसावेत. चांदोरीचे हिंगणे दिल्ली दरबारात पेशव्यांचे वकील होते. वकिलाचे निम्मे आयुष्य दुसऱ्याच्या देवडीवर ताटकळण्यात जायचे. विंचूरला विठ्ठल शिवदेवांचे घराणे. १७६१च्या पानिपतातून परतलेला हा सरदार. अशा घरांत कुणाला ओट्यावरच थांबवायचे, कुणाला सोप्यावर न्यायचे, हे देवडीवर ठरे. कागदोपत्री न सापडणारी प्रतिष्ठेची उतरंड तिथे दगडविटांत बांधलेली आहे.

वाटण्या झाल्या, वाडा पाडायला निघाला, की कोरीव दरवाजाला गिऱ्हाईक मिळते. तो उचलून हॉटेलात नेऊन उभा करता येतो. देवडीचा ओटा उचलता येत नाही. तो फुटतो किंवा त्यावर मोटारसायकली चढतात. म्हणून नक्षीची छायाचित्रे पुरे झाली. दिंडीची उंची, ओट्याची उंची आणि त्या दोहोंमधले अंतर, एवढी तीन मापे टेप धरून घेतली, तरी उरलेल्या वाड्यांची तुलना सुरू करता येईल.