‘एन ऑर एम?’ : उच्चारांचा पुरावा आणि एक न ऐकलेली भाषा

हेरकथेची गणना आपल्याकडे करमणुकीच्या वाङ्मयात होते आणि विद्यापीठीय समीक्षा तिच्या वाटेला फारशी जात नाही. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाविज्ञान आहे. ॲगाथा ख्रिस्ती यांच्या ‘एन ऑर एम?’ (१९४१) या कादंबरीकडे तो वळला तो कथानकाच्या ओढीने नव्हे, तर तीत रहस्याच्या जवळजवळ सर्व किल्ल्या ध्वनीच्या आणि उच्चारांच्या आहेत म्हणून. कथेचा उलगडा सांगितल्यावाचून पुढील विवेचन शक्य नाही, याबद्दल ज्यांनी ती वाचली नसेल त्यांनी क्षमा करावी.

काळ १९४० चा, फ्रान्सच्या पाडावाच्या आसपासचा. इंग्लंडमध्ये शिरलेले दोन जर्मन हेर, ‘एन’ हा पुरुष आणि ‘एम’ ही स्त्री, यांचा माग काढणारा एक अधिकारी मरताना जे काही पुटपुटतो ते ऐकणाऱ्यास ‘साँग सूझी’ असे वाटते. मूळ शब्द असतो ‘साँ सूसी’, म्हणजे ‘निश्चिंत’; समुद्रकाठच्या एका निवासगृहाचे ते नाव. परकी शब्दजोडी कानाला अपरिचित वाटली की मन तिला ओळखीच्या शब्दांचे कपडे चढवते, ही लोकव्युत्पत्तीची नेहमीची रीत येथे कथानकाचा दरवाजा उघडते. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकच्या पॉट्सडॅम येथील राजवाड्याचे नावही हेच आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली तर नावाची निवड सहज झाली असेल असे वाटत नाही.

शीर्षकही असेच. इंग्रजी प्रार्थनाग्रंथातील प्रश्नोत्तरीत ‘तुझे नाव काय?’ या प्रश्नापुढे ही दोन अक्षरे छापलेली असतात. उत्तर देणाऱ्याने तेथे आपले नाव घालावयाचे. आपल्या संकल्पातील ‘अमुकगोत्रः अमुकशर्मा’ याचीच ही जात. ‘अमुक की तमुक?’ एवढाच शीर्षकाचा अर्थ, आणि तो समर्पक आहे, कारण साँ सूसीमधील कोणत्याही पाहुण्याचे नाव या रिकाम्या जागेत बसू शकते.

गुप्तचर खात्याचे बोलावणे येते ते टॉमीला. त्याची पत्नी टपेन्स हिला वगळले जाते. ती दाराआडून सर्व ऐकते आणि नवऱ्याच्या आधीच तेथे जाऊन मिसेस ब्लेन्किन्सॉप या नावाने विणत बसलेली आढळते. मुलांच्या काळजीने पोखरलेली, अखंड बोलणारी प्रौढ विधवा हे तिचे सोंग. त्यातील कौशल्य वेषात नसून बोलण्यात आहे. अशा बाईकडे कोणी लक्ष देत नाही, आणि म्हणून ती सर्वांकडे लक्ष देऊ शकते. तिची मुलगी डेबोरा सांकेतिक लिपीच्या कचेरीत काम करते आणि आईबापांना युद्धात काही काम मिळत नाही म्हणून हळहळते, हा उपरोध लेखिकेने फार हलक्या हाताने रंगविला आहे. मेजर ब्लेच्ली या पात्राच्या नावावरून ब्रिटिश गुप्तचर खाते खरोखरच अस्वस्थ झाले होते. ब्लेच्ली पार्कची बातमी फुटली की काय, अशी शंका आली. ख्रिस्तीबाईंनी कारण सांगितले ते एवढेच, की ब्लेच्लीच्या स्टेशनावर आपली गाडी एकदा अडकली होती!

पुढे टॉमी शत्रूच्या हाती सापडतो आणि घोरण्याच्या आवाजातून मोर्सच्या खुणा बाहेर पाठवतो. ही युक्ती गमतीची, पण अर्थाचा वाहक शब्दच असावा लागतो असे नाही, हे शिकविण्यास वर्गात उपयोगी पडावी अशी.

आता खुनाकडे येऊ. मिसेस स्प्रॉट या तरुण आईची बेटी नावाची लहान मुलगी एक पोलिश निर्वासित स्त्री पळवून नेते. कड्याच्या टोकावर ती मुलीला उराशी धरून उभी असता मिसेस स्प्रॉट पिस्तूल झाडते आणि ती स्त्री जागीच मरते. खून सर्वांच्या देखत झालेला आहे, खुनी कोण हे ठाऊक आहे, आणि चौकशीत तिला कोणीही दोष देत नाही. रहस्य दडले आहे ते ‘का’ या प्रश्नात. पोटच्या पोराला छातीशी धरलेल्या बाईवर कोणती आई गोळी झाडण्याचे धाडस करील? बायबलातील सॉलोमनचा न्याय टपेन्सला आठवतो आणि ती उत्तरापर्यंत पोचते : मेलेली स्त्री हीच खरी आई, आणि मिसेस स्प्रॉट ही ‘एम’. बेटीचा बुटांच्या नाड्या पाण्यात बुडविण्याचा खेळ म्हणजे तिने पाहिलेल्या कृतीचे अनुकरण होते, आणि शत्रूच्या सहायकांची यादी तिच्या बालगीतांच्या पुस्तकात अदृश्य शाईने लिहिलेली होती. त्या घरात खरे सांगणारे दोघेच होते, बोबडे मूल आणि परकी बाई; दोघांचेही बोलणे कोणी भाषा म्हणून ऐकले नाही.

माझ्या मते कादंबरीचे मर्म येथे आहे, आणि तिचे वैगुण्यही येथेच आहे. पोलिश स्त्रीला लेखिकेने तोडक्यामोडक्या शब्दांपलीकडे काही दिले नाही. दारिद्र्यापायी तिने मूल दुसरीच्या हवाली केले होते, हे शेवटी ओझरते कळते. बेटीला टॉमी-टपेन्स आपलेसे करतात. तिच्या आईसाठी मात्र कोणी क्षणभर थांबत नाही.

मराठी वाचकाला अक्षराने घडविलेला खून नवा नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला, त्याभोवती ‘धरावे’चे ‘मारावे’ केल्याची आख्यायिका गुंफली गेली आणि ‘ध चा मा’ भाषेत रूढ झाला. तेथेही ठपका एका स्त्रीच्या हातावर आला. परंतु ‘ध चा मा’मध्ये दोष लिहिण्यात आहे, ‘एन ऑर एम?’मध्ये तो ऐकण्यात आहे, आणि ऐकण्यातला दोष पकडणे अधिक कठीण.

धाराशिव जिल्ह्यातील विद्यार्थ्याला हे दूरचे वाटू नये. मराठी, दखनी, दक्षिणेकडे कन्नड, अशी येथील बोलण्याची वीण आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचाराची सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत सुंदरलाल समितीने उस्मानाबादचे नाव घातले. समितीचा अहवाल कित्येक दशके सर्वसामान्य वाचकाच्या हाती आला नाही. अशा काळात माणूस कोण आहे हे त्याच्या पेहरावावरून आणि जिभेवरून ठरते, आणि एकदा ते ठरले की त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची गरज उरत नाही. कड्यावरच्या त्या चौकशीत पंचांनी मिसेस स्प्रॉटला सहानुभूतीने निरोप दिला. मेलेली बाई पोलिश भाषेत काय म्हणाली असती, हे विचारणारा दुभाषी तेथे बोलावलाच नव्हता.