आकडा दिसला, पण हवा कळली का?

वर्गात प्लायवूडचे नवे कपाट आले की मुलांचे डोळे चुरचुरतात. प्लायवूड चिकटवणाऱ्या द्रव्यातून फॉर्माल्डिहाइडची वाफ सुटत असते. ती कर्करोगकारक असल्याचे २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवले. २०१० साली संघटनेने घरातील हवेसाठी मर्यादा दिली: अर्ध्या तासाची सरासरी दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम.

ही वाफ मोजणारी स्वस्त यंत्रे आता मिळतात. आमचा आक्षेप यंत्राला नाही, आकड्यावरच्या भाबड्या विश्वासाला आहे. अशा अनेक यंत्रांतला संवेदक अल्कोहोललाही प्रतिसाद देतो. स्पिरिटचा बोळा जवळ नेऊन पाहा. आकडा चढला, तर तो निव्वळ फॉर्माल्डिहाइडचा नव्हे. खात्रीच्या चाचणीत मोजून घेतलेली हवा रसायन लावलेल्या नळीतून ओढतात आणि ती नळी प्रयोगशाळेत तपासतात.

उलटी चूकही होते. सोलापुरात भवानी पेठेतल्या एखाद्या वर्गात विचारा, कुणाकुणाची आई घरी विड्या वळते? त्या खोलीत यंत्राने शून्य दाखवले, तरी तंबाखूची धूळ असतेच. ती या यंत्राला दिसत नाही.

म्हणून मुलांना आकडा वाचण्याआधी विचारायला शिकवू या: हे यंत्र काय मोजते आणि काय मोजत नाही? उत्तर मिळेपर्यंत खिडकी मात्र उघडी असू द्या.