‘संसर्ग’ : एका प्रतिशब्दाचे ओझे

‘कन्टेजन’च्या मुळाशी लॅटिनमधील ‘एकत्र’ आणि ‘स्पर्श करणे’ हे दोन घटक आहेत. ‘संसर्ग’ हा त्याचा मराठी प्रतिशब्द वरकरणी निरुपद्रवी. परंतु धर्मशास्त्राने महापातक्याशी संसर्ग हेही महापातकच गणले. ‘स्पर्शजन्य’ म्हणताच तर अस्पृश्यतेचा इतिहास आरोग्याच्या भाषेत शिरतो आणि रोगजंतू व विटाळ यांतील भेद पुसट होतो. परभणीकडील शेतकरी मात्र कपाशीवर रोगाची ‘लागण’ झाली म्हणतो. ‘लागणे’ या क्रियापदात आग, तहान, नाद, लळा सारेच सामावते. दोषी कोणी ठरत नाही. संस्कृत घटनेच्या मोहात आपल्या परिभाषेने अशा शब्दांना दुय्यम लेखले, असे माझे मत आहे. ‘साथ’ हा शब्द तर ‘सार्थ’पासून, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्यापासून आलेला : सोबतही तीच, महामारीही तीच!