पडद्यावरचा सैनिक घरी का परतत नाही?

युद्धपटांतील चुका शोधणे हा आपल्या तरुण मंडळींचा आवडता उद्योग आहे. बंदुकीतील गोळ्या संपत कशा नाहीत, मेजरच्या छातीवर ती पदके आली कोठून, असे प्रश्न अंधेरी-बोरिवलीच्या धर्मग्रामांतील युवक आम्हाला हिरिरीने विचारतात. त्यांचा राग आम्हाला समजतो. हिंदी चित्रपटातला धर्मगुरू दिवसाच्या कोणत्याही वेळी मिस्साच्या झग्यात वावरताना दिसला, की आम्हीही खुर्चीत चुळबुळ करतो. परंतु झगा चुकला म्हणून कथा कोसळत नाही. कथा कोसळवणारी चूक निराळीच असते, आणि ती सहसा ध्यानात येत नाही. कारण नेमक्या तेथेच आपण रडलेले असतो.

जे. पी. दत्ता यांचा ‘बॉर्डर’ (१९९७) पाहा. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानातील लोंगेवाला चौकीवर पाकिस्तानी रणगाडे चालून आले, तेव्हा मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्यापाशी २३ पंजाब पलटणीचे सुमारे १२० जवान होते. विमाने पहाटेपर्यंत येत नाहीत, ही पुष्कळांना लेखकाने ताण वाढवण्यासाठी केलेली सोय वाटते. ती मात्र खरी गोष्ट आहे. जैसलमेरच्या हंटर विमानांपाशी रात्री मारा करण्याची साधने नव्हती. उजाडल्यावर ती आली आणि उघड्या वाळूत उभे असलेले रणगाडे त्यांनी टिपले. उलट ज्या भागावर चित्रपटगृहात हुंदके ऐकू येत, तो कल्पित. पडद्यावर जवानांमागून जवान धारातीर्थी पडतात. प्रत्यक्षात त्या लढाईत आपले दोन जवान कामी आले. सुनील शेट्टी यांनी रंगवलेला भैरोंसिंग रणगाड्याशी झुंजत प्राण देतो. सीमा सुरक्षा दलाचे खरे भैरोंसिंग राठोड त्या रात्रीतून सुखरूप परतले, सेना पदकाचे मानकरी झाले आणि पडद्यावरील आपल्या मरणानंतर आणखी पंचवीस वर्षे जगून डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला निवर्तले.

चौकीभोवतीची काटेरी तार पाहून पुढे सुरुंग असावेत या शंकेने शत्रू अडखळला. जीपवरची तोफ रणगाडे अगदी जवळ येईपर्यंत रोखून धरली होती. एवढ्या थोड्या माणसांनी चौकी राखली आणि सकाळी जवळजवळ सारे जिवंत होते, हा पराक्रम आमच्या मते अधिक मोठा. पण डोक्याने लढलेल्या लढाईवर प्रेक्षक रडत नाही, ही निर्मात्याची अडचण.

नाना पाटेकर यांचा ‘प्रहार’ (१९९१) याहून पुष्कळ प्रामाणिक आहे. त्यासाठी पाटेकरांनी लष्करात प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतले, आणि पूर्वार्धातील कमांडो-शिक्षणाच्या भागाला हिंदीत अजून तोड नाही. आपल्या वाचकांना तो आणखी एका कारणाने जवळचा वाटावा. हिंदी चित्रपटाने आपल्या वाट्याला गुत्त्यावरचा मद्यपी आणि खलनायकाची सेक्रेटरी यांपलीकडे फारसे काही दिले नव्हते. येथे मुंबईतल्या एका बेकरीवाल्याचा मुलगा, पीटर डिसूझा, सैन्यात जातो, ओलिसांना सोडवताना पाय गमावतो आणि घरी येतो. वृद्ध वडिलांच्या भूमिकेत हबीब तन्वीर. वाग्दत्त वधू शर्ली म्हणजे रंगरंगोटीवाचून उभी राहिलेली माधुरी दीक्षित. पावाची भट्टी, आणि तिच्यापुढे दोन्ही पाय गेलेला तरुण. केवढा विषय! आता या मुलाचे, या लग्नाचे काय होणार, हे जाणण्यासाठी आम्ही सरसावून बसलो.

परंतु कथेला घाई होती. खंडणीला नकार दिला म्हणून गुंड पीटरचा खून करतात, आणि लग्नासाठी निघालेल्या मेजर चव्हाणला ते मुंबईत पोहोचल्यावर कळते. देशासाठी अपंग झालेला सैनिक मारला जातो आणि त्याच्या पलटणीला साधी तार जात नाही! पुढे शिस्तीवाचून दुसरा देव न मानणारा मेजर स्वतःच न्यायाधीश होतो, आणि न्यायालय त्याला वेडा ठरवून मोकळे होते. ही शेवटची पळवाट आम्हाला सर्वांत खटकते. मेजरचे कृत्य न्याय की सूड, हा चित्रपटानेच उभा केलेला प्रश्न वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवला, म्हणजे उत्तर देण्याचे टळले. पीटर का मरतो याचे खरे कारण गुंडांत नाहीच. तो जगला असता, तर मेजरला मुंबईत काही कामच उरले नसते.

जिवंत परतलेल्या सैनिकाची गोष्ट पडद्यावर उभी राहत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. त्यांच्यावरील ‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) या चित्रपटात नाट्य वाढवलेले आहेच, तरी नायकाला म्हातारे होऊ दिले आहे. पीटर आज साठीच्या आसपास असता. चाकाच्या खुर्चीत बसून पहाटेच्या पावाचा हिशेब मांडणारा, शर्लीशी कुरकुरणारा असा निवृत्त सैनिक आम्हाला अजून कोणत्याही चित्रपटात भेटलेला नाही.