सोपं करताना निसटलेलं

'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' हा निन्टेन्डोचा गेम २००१ साली गेमक्यूबवर आला. २००८ मध्ये आलेला त्याचा पुढचा भाग 'ब्रॉल' जवळपास दुप्पट खपला: मेलीच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या, तर ब्रॉलच्या सुमारे १ कोटी ३० लाख. तरीही पिक्चर ट्यूबचे जाडजूड टीव्ही शोधून आणून आजही स्पर्धा भरवल्या जातात, त्या मेलीच्या.

याचं कारण गेमच्या हालचालीत आहे. मेलीमध्ये उडी मारताक्षणी तिरकं खाली झुकून वार चुकवला, की पात्र जमिनीवरून घसरत जातं आणि घसरता घसरताच हल्लाही करू शकतं. हवेतून हल्ला करत उतरताना नेमक्या क्षणी बटण दाबलं, तर सावरायला लागणारा वेळ निम्मा होतो. खेळणाऱ्यांनी अशा बारकाव्यांवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली आणि त्यातून खेळण्याची एक वेगळीच शैली घडवली. दिग्दर्शक मासाहिरो साकुराई यांना मात्र मेली नवख्यांसाठी फार अवघड झाल्यासारखा वाटत होता. म्हणून ब्रॉलमध्ये वेग कमी झाला, या दोन्ही युक्त्या गेल्या आणि धावता धावता पात्र मधूनच अडखळून पडू लागलं. कधी पडेल ते निव्वळ नशिबावर! कौशल्यातला फरक पुसण्याचा इतका उघड प्रयत्न क्वचितच झाला असेल. शेवटी चाहत्यांनीच ब्रॉलमध्ये फेरफार करून 'प्रोजेक्ट एम' तयार केला आणि मेलीची चाल परत आणली.

साकुराईंचा हेतू वाईट नव्हता, आणि खपाचे आकडे त्यांच्याच बाजूने आहेत. पण गेमची खोली बऱ्याचदा अशाच जागी असते, जी नकाशावर किंवा जाहिरातीत दिसत नाही आणि बनवणाऱ्यांच्या बैठकीत 'अडचण' म्हणून नोंदली जाते.

'डेउस एक्स'चं उदाहरण याहून बोलकं आहे. आयन स्टॉर्मच्या ऑस्टिनमधल्या चमूने वॉरन स्पेक्टर यांच्या दिग्दर्शनाखाली २००० साली हा गेम केला. त्यात ११ कौशल्यं होती आणि सगळ्यांत तरबेज होता येत नसे. पोहण्यावर गुण खर्च केले, तर कुलूप उघडण्यासाठी ते उरत नसत. पिस्तुलाच्या गोळ्या वेगळ्या, रायफलच्या वेगळ्या. कुठली जपून वापरायची याचा हिशेब सतत डोक्यात चालू. भिंतीला चिकटणारे सुरुंग एकावर एक लावून त्यांवरून चढत जाता येतं, हा शोध खेळणाऱ्यांचा. बनवणाऱ्यांनी तो योजलेला नव्हता. नायकाचा भाऊ पॉल वाचू शकतो, हे तर अनेकांना गेम संपवल्यावरही कळलं नाही, कारण खिडकीतून पळ काढला की तो मरतो. राहून लढण्याचा पर्याय गेम ओरडून सांगत नाही.

२००३ मध्ये आलेल्या त्याच्या पुढच्या भागात, 'इनव्हिजिबल वॉर'मध्ये, कौशल्यांची ती व्यवस्था काढून टाकली गेली. सगळ्या हत्यारांना एकच दारूगोळा ठेवला. चुकीचं हत्यार वापरून कुणी अडकू नये, हा त्यामागचा विचार. पण साठा संपला, की सगळीच हत्यारं एकदम मुकी होतात. गेम एक्सबॉक्सवरही चालायचा होता आणि त्या यंत्रात ६४ मेगाबाइट मेमरी होती, त्यामुळे जागा आक्रसल्या. पहिल्या गेमची सुरुवात होते ते स्वातंत्र्यदेवीचं बेट दुसऱ्याच्या शेवटी पुन्हा भेटतं, आणि ते किती लहान झालंय हे लगेच जाणवतं. दिग्दर्शक हार्वी स्मिथ यांनी पुढे या गेममधल्या चुकांबद्दल मोकळेपणाने सांगितलं.

२०१३ च्या 'सिमसिटी' या शहर वसवण्याच्या गेमची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. शहराला जागा दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटर, इंटरनेट सुरुवातीला सतत हवं, आणि नागरिक संध्याकाळी स्वतःच्या नव्हे तर जवळच्या कुठल्याही रिकाम्या घरात शिरणार. दिसायला मात्र अप्रतिम. मार्च २०१५ मध्ये 'सिमसिटी' बनवणाऱ्या मॅक्सिसचा एमरीव्हिलमधला स्टुडिओ बंद झाला आणि त्याच महिन्यात फिनलंडच्या एका छोट्या कंपनीचा 'सिटीज: स्कायलाइन्स' बाजारात आला. मोठ्या शहराची भूक त्याने भागवली.

लोकांना सोपंच हवं असतं, हा युक्तिवाद मग टिकतो का? निन्टेन्डोच्याच 'झेल्डा' मालिकेतल्या २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये तलवारी मोडतात, यावर खेळणाऱ्यांनी भरपूर तक्रारी केल्या होत्या. त्याच्या पुढच्या भागात, २०२३ च्या 'टिअर्स ऑफ द किंग्डम'मध्ये, निन्टेन्डोने तलवारी मोडायच्या थांबवल्या नाहीत. उलट, सापडेल ती वस्तू हत्याराला जोडण्याची सोय दिली. दगड, राक्षसाचं शिंग, अगदी मशरूमसुद्धा. तक्रारीचं मूळ तसंच राहिलं, पण त्यातूनच प्रयोगाला वाव मिळाला, आणि हा गेमही प्रचंड खपला. ज्या स्टुडिओंना सिक्वेल करायचा आहे, त्यांनी आधी हे उदाहरण नीट अभ्यासावं.

सिक्वेलमधून खोली निसटण्यात समीक्षकांचाही वाटा आहे. 'इनव्हिजिबल वॉर'ला प्रकाशनाच्या वेळी गुण चांगलेच मिळाले होते. घाईत दहा-वीस तास खेळून गेम गुळगुळीत आहे की नाही हे कळतं. दोनशे तासांनंतर त्यात काही उरतं का, हे कळत नाही. गेमवर लिहिणाऱ्यांनी महत्त्वाच्या सिक्वेलवर दोनदा लिहावं: एकदा तो आल्यावर आणि एकदा वर्षभराने, खेळणारे त्याच्याशी काय करताहेत हे पाहून.