घाणेरी आणि वणवा: दोष कोणत्या आगीचा?

घाणेरी किंवा टणटणी आपल्या चांगल्या ओळखीची आहे. मूळचे अमेरिका खंडातले हे झुडूप एकोणिसाव्या शतकात शोभेसाठी भारतात आणले गेले. आज ते देशातील कित्येक जंगलांत माजले आहे. घाणेरी आणि वणवे यांचा परस्परसंबंध मांडणारा अंकिला हिरेमठ व भरत सुंदरम यांचा २००५ सालचा निबंध शिक्षकांनी जरूर वाचावा. मात्र एक प्रश्न मनात ठेवून.

निबंधातील मांडणी अशी आहे. वणव्यामुळे जंगलात उघडीप होते. ऊन मिळताच जळालेल्या घाणेरीच्या बुंध्याला नवे फुटवे येतात. तिची दाट जाळी वाळली की पुढच्या आगीला इंधन मिळते. म्हणजे आग घाणेरीला वाढवते आणि घाणेरी आगीला. वेगळ्या वाटणाऱ्या दोन समस्या एका चक्रात बसवणे, हे या निबंधाचे बलस्थान. लेखक त्याला ‘गृहीतक’च म्हणतात, हेही वर्गात दाखवण्याजोगे आहे.

परंतु यावरून ‘आग थांबवा, घाणेरी थांबेल’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. कर्नाटकातील बिळिगिरी रंगन टेकड्यांतले सोलिग आदिवासी नेमके उलट सांगतात. ते पूर्वी पालापाचोळ्याला लवकर, सौम्य आग लावत आणि तीत घाणेरीची रोपे मरत. १९७४ मध्ये अभयारण्य झाल्यावर ही प्रथा बंद पडली आणि घाणेरी फोफावली. हे म्हणणे सुंदरम व सहकाऱ्यांनीच २०१२ साली प्रसिद्ध केले. १९९७ ते २००८ या काळात तेथे घाणेरीचा प्रसार जवळजवळ दुप्पट झाल्याचेही आढळले. अर्थात सोलिगांचे म्हणणेही तपासूनच घ्यावे. त्यांची फिरती शेती आणि शिकारही थांबली होती. सारा दोष एकाच कारणावर ढकलता येत नाही.

मग खरे कोणाचे? माझ्या मते दोघांचेही. आपण दोन भिन्न घटनांना ‘आग’ हा एकच शब्द वापरतो. जमिनीलगत सरकणारी सौम्य आग कोवळी रोपे मारते. जुन्या, मुरलेल्या झुडपाचे ती फारसे बिघडवत नाही. ऐन उन्हाळ्यातली आग मात्र घाणेरीच्या जाळीवरून झाडांच्या शेंड्यापर्यंत चढते. म्हणून आता नुसती बंदी उठवूनही भागणार नाही. आधी घाणेरी मुळासकट काढावी लागेल.

‘वणवा वाईट’ एवढेच पाठ करून घेण्याऐवजी विद्यार्थ्यांना विचारावे: आग केव्हा लागली, किती तीव्र होती आणि त्या वेळी तिथे काय वाढत होते?