आत्मचरित्र हा पुरावा असतो का? इझाडोरा डंकनच्या निमित्ताने

‘प्राथमिक साधन’ म्हणजे ‘खरं साधन’, असा अर्थ बरेच जण घेतात. तसं नसतं. उदाहरण म्हणून इझाडोरा डंकनचं (१८७७–१९२७) आत्मचरित्र ‘माय लाइफ’ घेऊ. मराठीत ते पुण्याच्या ‘नृत्यभारती’च्या संस्थापक, कथकगुरू रोहिणी भाटे यांनी आणलं.

बॅलेचे बूट टाकून अनवाणी नाचणारी इझाडोरा आधुनिक नृत्याच्या प्रवर्तकांपैकी एक. हालचालीचा उगम छातीखालच्या ‘सोलर प्लेक्सस’ या मज्जाजालात आहे आणि तासन्‌तास स्थिर उभं राहून तो सापडला, असं ती लिहिते. विज्ञान म्हणून हे टिकत नाही. ते जाळं पोटातल्या अवयवांचं. हातपाय हलतात मेंदू आणि मज्जारज्जूच्या हुकमाने. पण नाचणाऱ्याने लक्ष कुठे ठेवावं, याची सूचना म्हणून ते वाक्य चोख आहे. त्याला खोटं म्हणून फेकून दिलं, तर तिचं नृत्यच हातून जाईल.

१९१३ मध्ये पॅरिसला मोटार सीन नदीत पडून तिची दोन मुलं बुडाली. ही घटना वर्तमानपत्रांतून पडताळता येते. त्या दुःखाने नृत्य कसं बदललं, याला साक्षीदार मात्र ती एकटीच. शिवाय पुस्तक पैशांच्या चणचणीत लिहिलेलं, आणि १९२१ ला रशियाच्या वाटेवर थांबणारं. त्यातला स्वतःला घडवण्याचा सूर मला जागोजागी खटकतो.

मग नृत्य शोधायचं कुठे? चित्रफीत जवळपास नाहीच. अब्राहम वॉल्कोविट्झची रेखाटनं आहेत. त्यांत पवित्रा दिसतो, वेग नाही. शिष्यांकडून पुढे आलेल्या रचनांत वेग आहे, पण त्यांच्या स्वतःच्या सवयीही मिसळलेल्या. आत्मचरित्रात फक्त हेतू. एकही साधन एकट्याने पुरत नाही.

आपल्या नेवाशाचंच बघा ना. ज्ञानेश्वरी इथे पैसाच्या खांबाशी सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, असं आपण मानतो. तरी १५८४ मध्ये एकनाथांना पाठ तपासून शुद्ध प्रत करावी लागली. श्रद्धा होती म्हणूनच त्यांनी तपासलं.

तेव्हा आत्मचरित्र वाचताना वहीत तीन रकाने करा: पडताळता येणारं, फक्त लेखकालाच माहीत असलेलं, आणि लेखकाने सोडून दिलेलं. बहुतेकांचा तिसरा रकाना रिकामा राहतो. संशोधनाचा प्रश्न बरेचदा तिथेच सापडतो.